तांबूस केस, ठिपक्यांचा चेहरा

जालन्यात किंवा भोकरदन, परतूर, मंठ्याच्या आठवडी बाजारात थोडं फिरलं, की लाल केसांची माणसं हमखास भेटतात. कुणाची दाढी मेंदीने नारिंगी झालेली असते, कुणाचा अंबाडा विटकरी. ही लाली सगळ्यांना आवडते. सण किंवा घरचं लग्न जवळ आलं की ती मुद्दाम पुन्हा चढवली जाते. तोच रंग एखाद्या लेकराच्या डोक्यावर जन्मतः आला, की घरातलं बोलणं बदलतं. कुणी तेल चोपडायला सांगतं, कुणी टक्कल करायला, कुणी दृष्ट काढायला. शाळेत त्याचं नाव ‘भुऱ्या’ पडतं ते कायमचं. नाकावर-गालांवर तपकिरी ठिपके असलेल्या मुलीच्या हातात तर स्थळं बघायला सुरुवात होण्याआधीच क्रीमची ट्यूब येते.

केसांचा आणि कातडीचा रंग वेगळा दिसला, तर त्यामागे तीन गोष्टी असू शकतात. एक, जन्मजात वैविध्य. दोन, उन्हाची खूण. तीन, आजार किंवा उपासमार. पहिल्या दोहोंना औषधाची गरज नसते आणि तिसऱ्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. निरुपद्रवी ठिपक्यांवर पैसे आणि तब्येत खर्च होते, आणि ज्या लेकराचे केस पोट रिकामं असल्याचं सांगत असतात त्याला फक्त तेल लावलं जातं.

रंग येतो कुठून?

कातडीच्या वरच्या थराच्या तळाशी रंगपेशी असतात. त्यांना मेलॅनोसाइट म्हणतात. गोऱ्या आणि काळ्या माणसाच्या कातडीत या पेशींची संख्या साधारण सारखीच असते. फरक पडतो तो त्या पेशी किती रंगद्रव्य बनवतात, कोणत्या प्रकारचं बनवतात आणि त्याचे कण शेजारच्या पेशींत कसे पसरतात यामुळे. हे रंगद्रव्य म्हणजे मेलॅनिन. त्याचे मुख्य प्रकार दोन. काळसर-तपकिरी ते युमेलॅनिन आणि पिवळसर-तांबूस ते फिओमेलॅनिन. काळ्याभोर केसात पहिलं भरपूर असतं, तर लाल केसात दुसऱ्याचा वरचष्मा असतो.

कोणतं द्रव्य बनवायचं हे ठरवण्यात रंगपेशीच्या पृष्ठभागावरच्या एका प्रथिनाचा मोठा वाटा आहे. त्याचा जनुक म्हणजे एमसी१आर, आपल्या १६व्या गुणसूत्रावरचा. शरीराकडून संदेश आला की हे प्रथिन पेशीला काळं मेलॅनिन बनवायला लावतं. जनुकात विशिष्ट बदल असेल तर संदेश नीट पोचत नाही आणि पेशी तांबूस मेलॅनिनच बनवत राहते. या जनुकातल्या बदलांचा लाल केसांशी असलेला संबंध १९९५ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी दाखवून दिला. केस लाल होण्यासाठी बहुधा आई आणि वडील दोघांकडूनही बदललेली प्रत यावी लागते. म्हणून दोघांचे केस काळे असूनही मूल लाल केसांचं निघू शकतं. अशा वेळी आईवर संशय घेणारी कुजबूज युरोपातल्या खेड्यांतही होत असे. आनुवंशिकतेने तिला केव्हाच उत्तर दिलं आहे.

जगात जन्मतः लाल केस असलेले लोक जेमतेम १ ते २ टक्के. स्कॉटलंड आणि आयर्लंडमध्ये ते सर्वांत जास्त. तिथेही ‘गाजर’ म्हणून चिडवलेली पोरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. नेदरलँड्समध्ये मात्र २००५ पासून लाल केसांच्या लोकांचा मेळावाच भरतो आणि देशोदेशीचे लोक त्याला जातात.

रंगाचा हा खेळ थंड देशांपुरता नाही. पॅसिफिक महासागरातल्या सॉलोमन बेटांवरचे लोक गडद काळ्या वर्णाचे, पण त्यांच्यातल्या ५ ते १० टक्के लोकांचे केस जन्मतः सोनेरी असतात. ते युरोपीय रक्तामुळे असतील असा समज होता. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवलं, की तो तिथल्याच एका जनुकातला स्वतंत्र बदल आहे आणि युरोपातल्या सोनेरी केसांशी त्याचा संबंध नाही. काळ्या कातडीवर सोनेरी केस निसर्गाला मुळीच विसंगत वाटत नाहीत.

भारतात युरोपसारखे लालभडक केस विरळाच. तपकिरी, पिंगट, तांबूस झाक असलेले केस आणि घारे डोळे मात्र कोकणापासून काश्मीरपर्यंत कमीअधिक प्रमाणात आढळतात. कातडीच्या बाबतीत तर आपल्या देशाइतकं वैविध्य फार थोड्या ठिकाणी असेल. उजळ रंगाशी जोडलेल्या एसएलसी२४ए५ या जनुकाचा अभ्यास हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेच्या संशोधकांनी केला आणि तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. उजळपणाशी निगडित असलेली या जनुकाची प्रत भारतातल्या बहुतेक भागांत, बहुतेक समाजांत, कमीजास्त प्रमाणात पसरलेली आढळली. एकाच आईच्या पोटी एक गव्हाळ आणि एक सावळं लेकरू जन्माला येतं त्याचं कारण इथे आहे. गरोदरपणी केशराचं दूध पिण्याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

तांबूस केसांचं लेकरू

जालना जिल्ह्यात लहान मुलांचे केस तांबूस दिसण्याची कारणं वेगवेगळी असतात आणि ती एकमेकांपासून ओळखता येतात.

सगळ्यांत साधं कारण ऊन. दिवसभर शिवारात, रस्त्यावर, वीटभट्टीवर उघड्या डोक्याने खेळणाऱ्या मुलांच्या केसांतलं काळं मेलॅनिन अतिनील किरणांनी हळूहळू विरतं. केस महिन्याला साधारण १ सेंटीमीटर वाढतो. त्यामुळे टोकाकडचा भाग सर्वांत जुना आणि सर्वांत जास्त ऊन खाल्लेला असतो. अशा मुलाचे केस टोकाला भुरे आणि मुळाशी काळे दिसतात. मूल खेळतंय, जेवतंय, वजन वाढतंय, तर काळजीचं काही नाही.

दुसरं कारण गंभीर. प्रथिनांसह एकूण आहारच तुटला, की केस विरळ, कोरडे आणि फिके-तांबूस होतात. अलगद ओढले तरी न दुखता हातात येतात. मुळांचाही रंग गेलेला असतो. मध्ये काही महिने खाणं बरं मिळालं आणि पुन्हा तुटलं, तर एकाच केसावर काळे आणि फिके पट्टे एकाआड एक उमटतात. त्या केसात लेकराच्या घरातल्या गेल्या वर्षाचा हिशेब वाचता येतो. सोबत पायावर सूज, किरकिर, खेळण्यात लक्ष नसणं, कातडी सोलणं ही लक्षणं असतील, तर ते तीव्र कुपोषण आहे. या आजाराचं वर्णन डॉ. सिसिली विल्यम्स यांनी १९३० च्या दशकात आजच्या घानात काम करताना केलं, आणि केसांच्या रंगातला बदल ही त्यातली ठळक खूण होती.

कुपोषणाचा प्रश्न मराठवाड्याला नवा नाही. राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन २००५ मध्ये सुरू झालं ते औरंगाबाद विभागातल्या अनुभवातूनच, आणि जालना त्याच विभागातला जिल्हा. आज अंगणवाडीत दंडाचा घेर मोजायची पट्टी असते. ६ महिने ते ५ वर्षांच्या बालकाचा घेर ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी भरला तर ते ‘सॅम’, म्हणजे अतितीव्र कुपोषित. ११.५ ते १२.५ च्या मध्ये असेल तर ‘मॅम’, म्हणजे मध्यम कुपोषित. दोन्ही पायांवर सूज असेल तर घेर कितीही भरला तरी बालक ‘सॅम’च धरतात. केसांचा रंग बघून घरी अंदाज बांधत बसण्यापेक्षा अंगणवाडी सेविकेकडून ही पट्टी लावून घ्यावी. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी तर निघण्याआधी आणि परतल्यावर, दोन्ही वेळा. लेकरू कुपोषित निघालं तर इलाज आहाराचा आणि आजाराचा. पोट भरू लागलं की नवे केस काळे येतात.

तिसरं कारण जन्मजात. केस जन्मापासून मुळापासून टोकापर्यंत एकसारखे पिंगट, पण दाट आणि बळकट. घरात आजी, मामा, आत्या अशा कुणाचे तरी तसेच. हा फक्त वारसा आहे आणि तो बदलायचं काहीच कारण नाही.

वर्णहीनता, म्हणजे अल्बिनिझम, हाही जन्मजात प्रकार. त्यात मेलॅनिन फारच कमी किंवा जवळजवळ नसतंच. आपल्याकडे अशा मुलांचे केस पांढुरके, पिवळे किंवा तांबूस सोनेरी असतात. त्यांना चिडवायला गावागावांत जे शब्द आहेत ते इथे लिहिण्याजोगे नाहीत. या मुलांची बुद्धी आणि ताकद इतरांसारखीच असते. अडचण असते ती डोळ्यांची. नजर अधू असते, बुबुळं हलत राहतात, उजेड सोसत नाही. त्यांना वर्गात पहिला बाक, योग्य चष्मा, टोपी आणि पूर्ण बाह्यांचे कपडे एवढं मिळालं तर बरंच काम होतं. संयुक्त राष्ट्रांनी १३ जून हा दिवस अल्बिनिझमविषयी जागृतीसाठी ठरवला आहे, आणि आपल्याकडे शाळा उघडतात त्याच सुमाराला तो येतो. वर्गशिक्षकांनी त्या दिवशी दहा मिनिटं बोलावं इतकं हे सोपं आहे.

राहिली मेंदी. तिच्या पानात लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं. ते केसातल्या केरॅटिन या प्रथिनाला घट्ट चिकटतं. पांढऱ्या केसावर ते नारिंगी-लाल उठून दिसतं आणि काळ्या केसावर फक्त झाक देतं. शुद्ध मेंदी काळा रंग कधीच देत नाही. बाजारातल्या ‘काळ्या मेंदी’त बहुधा पीपीडी नावाचं रसायन मिसळलेलं असतं. त्याने काहींच्या डोक्याला आणि चेहऱ्याला खाज, फोड, सूज येते. एकदा ॲलर्जी झाली की ती जन्मभर राहू शकते. जन्मतः तांबूस असलेले केस काळे करायला लहान मुलीच्या डोक्यावर असा रंग लावणं म्हणजे नसलेल्या दुखण्यावर औषध लावून खरं दुखणं विकत घेणं.

डोक्यावरचा सूर्य आणि गालावरचे ठिपके

जालना उत्तरेला सुमारे १९.८ अंशांवर आहे. म्हणजे मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या चौथ्या आठवड्यात एक-एक दिवस असा येतो, की मध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. त्या सुमाराच्या निरभ्र दुपारी अतिनील किरणांचा मारा कमाल असतो. जुलैतला दिवस ढगांमुळे कळतही नाही, पण विरळ ढगांतून हे किरण बऱ्यापैकी खाली येतातच. सीड प्लॉटमध्ये क्रॉसिंग करणाऱ्या, खुरपणी करणाऱ्या, दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणाऱ्या बाया आणि मोसंबीच्या बागेत राबणारे शेतकरी असं ऊन वर्षानुवर्षं झेलतात.

कातडी त्याला उत्तर देते. किरणांनी पेशीच्या डीएनएला इजा झाली, की संदेशाची साखळी सुरू होते. शेवटी रंगपेशी जास्त मेलॅनिन बनवतात. त्याचे कण शेजारच्या पेशींत जाऊन केंद्रकाच्या वर छत्रीसारखे बसतात आणि पुढच्या किरणांपासून डीएनएचा बचाव करतात. रापलेली कातडी म्हणजे हे संरक्षण. काही जणांच्या कातडीत रंगपेशी सगळीकडे सारख्या चपळ नसतात. ठिकठिकाणी त्या जास्त मेलॅनिन बनवतात आणि तिथे बारीक तपकिरी ठिपके उमटतात. ह्यांनाच त्वचारोगतज्ज्ञ फ्रेकल्स म्हणतात. ते साधारण दोन-तीन वर्षांच्या वयापासून दिसू लागतात, उन्हाळ्यात गडद होतात आणि थंडीत फिकटतात. लाल केसांच्या लोकांत ते फार आढळतात, कारण एमसी१आर जनुकाचा दोन्हींशी संबंध आहे. पण काळ्या केसांच्या चिनी, जपानी आणि भारतीय लोकांतही ते येतात. त्यातून काही अपाय होत नाही. ‘या कातडीला ऊन लवकर लागतं, जरा जपा’ एवढीच त्यांची सूचना असते.

आपल्याकडे मात्र चेहऱ्यावरच्या सगळ्याच डागांना ‘वांग’ म्हणून मोकळं होतात. वांग, म्हणजे मेलॅझ्मा, निराळं. त्यात गालांवर, कपाळावर, वरच्या ओठावर दोन्ही बाजूंना सारखे पसरट डाग येतात. ते बायकांत जास्त, विशेषतः गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्या सुरू असताना, आणि घराण्यात असेल तर अधिकच. ऊन त्याला वाढवतं, उष्णताही वाढवते. म्हणून चुलीपुढे किंवा रोलिंग मिलच्या भट्टीपुढे तासन्‌तास काम करणाऱ्यांनी ऊन टाळलं तरी वांग हटत नाही. आयुर्वेदाने त्याची नोंद फार पूर्वी केली आहे. सुश्रुतसंहितेत ते क्षुद्ररोगांत, म्हणजे किरकोळ विकारांत, धरलं आहे. ते दुखत नाही असंही तिथे सांगितलं आहे आणि त्याच्या कारणांत संताप व श्रम यांची नावं आहेत. शेतात राबणाऱ्या बाईच्या गालावर वांग का दिसतं याचा तो जुना अंदाज अगदीच निराधार म्हणता येत नाही.

चाळिशीनंतर हातांच्या पाठीवर आणि गालांवर येणारे, थंडीतही न फिकटणारे गडद ठिपके हा आणखी वेगळा प्रकार. तिथे रंगपेशींची संख्याच वाढलेली असते. चिकनगुनियानंतरही काहींच्या नाकावर आणि गालांवर ठिपके उमटतात. २००६ च्या मोठ्या साथीनंतर डॉक्टरांना ते बऱ्याच रुग्णांत दिसले. ते बहुधा काही महिन्यांत आपोआप फिके होतात.

नकोशी ‘कपिला’

वेगळ्या रंगाची भीती आपल्याकडे टीव्हीवरच्या जाहिरातींनी आणलेली नाही. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात कोणत्या मुलींशी लग्न करू नये याची यादी आहे. तिच्यात ‘कपिला’, म्हणजे पिंगट-तांबूस केसांची कन्या, सुरुवातीलाच येते. बहुधा त्याच्या आधीच पतंजलीने महाभाष्यात ब्राह्मणाची लक्षणं सांगताना गोरा वर्ण आणि कपिल केस यांचा उल्लेख सहजपणे केला आहे. एका ग्रंथात तांबूस केस पुरुषाचं लक्षण म्हणून येतात, दुसऱ्यात तेच स्त्रीचा दोष ठरतात. केसांचा रंग बदललेला नाही. बदललं आहे ते बघणाऱ्याचं मोजमाप, आणि ते मुलीच्या बाबतीतच कडक झालेलं दिसतं.

दुसऱ्या बाजूचा पुरावाही आपल्या जवळच आहे. भोकरदनच्या उत्तरेला अजिंठ्याच्या लेण्यांत पाचव्या शतकातली चित्रं आहेत. राजपुत्र, दासी, अप्सरा, भिक्षू यांचे वर्ण तिथे काळसर, सावळे, तांबूस, गोरे असे सगळे आहेत. सावळ्या स्त्रिया दागिन्यांनी नटलेल्या आणि दिमाखदार आहेत. चित्रकाराने त्यांना कोपऱ्यात बसवलेलं नाही. वारकऱ्यांचा देव तर सावळाच. ज्याच्या रंगाचं कौतुक करत लोक पंढरपूरपर्यंत चालत जातात, त्याच रंगाची सून बघताना हेच लोक ‘रंग जरा कमी आहे’ म्हणतात.

आजच्या लग्नाच्या बायोडाटात मनुस्मृतीतली ती यादी एका ओळीवर आली आहे. ‘वर्ण’ किंवा ‘रंग’ अशी ती ओळ, आणि पुढे गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा यांपैकी काहीतरी. शिक्षण आणि नोकरीइतकीच ती निरखून वाचली जाते. ‘सावळा’ लिहायला मन होत नाही म्हणून ‘गव्हाळ’ लिहिणारे पालक घरोघरी आहेत.

ट्यूबमधला गोरेपणा

या एका ओळीवर मोठी बाजारपेठ उभी आहे. भारतातलं सर्वांत प्रसिद्ध गोरेपणाचं क्रीम १९७५ मध्ये बाजारात आलं आणि २०२० मध्ये त्याच्या नावातून ‘फेअर’ हा शब्द गेला. त्याच वर्षी शादी डॉट कॉम या विवाह संकेतस्थळाने कातडीच्या रंगानुसार स्थळं निवडण्याची सोय काढून टाकली. सावळ्या व्यक्तीला कमी लेखणारी जाहिरात करू नये असा नियम जाहिरात मानक परिषदेने २०१४ मध्येच केला होता. चेन्नईतून २००९ मध्ये सुरू झालेल्या ‘डार्क इज ब्यूटिफुल’ मोहिमेत २०१३ पासून अभिनेत्री नंदिता दास सामील झाल्या. या सगळ्याचा उपयोग झाला. पण तालुक्याच्या गावात खरा धोका त्याहून निराळ्या ट्यूबमध्ये आहे.

बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही स्टिरॉइड्स. एक्झिमासारख्या आजारांत डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरावीक दिवस वापरायची ही चांगली औषधं आहेत. ती चेहऱ्यावर लावली की पहिल्या काही आठवड्यांत रंग उजळल्यासारखा वाटतो. मग मैत्रीण मैत्रिणीला सांगते, मेडिकलवाला चिठ्ठी न बघता देतो आणि वापर महिनोन्‌महिने चालू राहतो. हळूहळू कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, पुटकुळ्या येतात, चेहऱ्यावर लव वाढते, उन्हात गेलं की आग होते. क्रीम थांबवलं की चेहरा लालबुंद होतो, म्हणून पुन्हा तेच लावलं जातं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात देशभरातल्या त्वचारोग विभागांत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले २,९२६ रुग्ण तपासले गेले. त्यांतले ४३३, म्हणजे जवळपास १५ टक्के, चेहऱ्यावर स्टिरॉइड लावत होते आणि त्यांतल्या दहापैकी नऊ जणांना दुष्परिणाम झालेले होते. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या पाठपुराव्यानंतर २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टिरॉइड्स ‘शेड्यूल एच’मध्ये टाकली. म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकणं बेकायदा आहे. ज्यांचा वापर आधीच सुरू आहे त्यांनी मनाने एकदम बंद न करता त्वचारोगतज्ज्ञाच्या सल्ल्याने ते सोडावं.

दुसरा धोका पाऱ्याचा. पारा मेलॅनिन बनवणाऱ्या विकराला अडवतो, म्हणून रंग उजळतो. पण तो कातडीतून शरीरात शिरतो आणि मूत्रपिंडांत साठतो. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्यातलं एक प्रकरण वृत्तपत्रांत आलं. एकाच घरातल्या तिघींना, आई आणि दोन मुलींना, मूत्रपिंडाचा विकार झाला होता. मुंबईच्या केईएम रुग्णालयापर्यंत शोध पोचला तेव्हा दोष त्या वापरत असलेल्या चेहऱ्याच्या क्रीममधल्या पाऱ्याकडे निघाला. अकोला इथून फार दूर नाही आणि तसल्या डब्या तर कुठेही मिळतात. आपल्या नियमांनुसार चेहऱ्याच्या क्रीममध्ये नकळत आलेला पारासुद्धा दशलक्षात १ भागापेक्षा जास्त चालत नाही. डबीवर कारखान्याचा पत्ता, परवाना क्रमांक आणि घटकांची यादी नसेल, किंवा यादीत ‘कॅलोमेल’ किंवा ‘मर्क्युरी’ असा शब्द असेल, तर ती फुकट मिळाली तरी घेऊ नये.

डॉक्टरकडे कधी जायचं?

रंग स्वीकारायचा म्हणजे कातडीकडे बघायचंच नाही असं नव्हे. काही खुणा तातडीच्या असतात.

दोन वर्षांच्या आतल्या बाळाच्या चेहऱ्यावर दाट ठिपके उमटत असतील, थोड्याशा उन्हाने कातडी भाजत असेल, उजेडात डोळे उघडत नसतील, तर झिरोडर्मा पिग्मेंटोसम हा दुर्मीळ आनुवंशिक आजार तपासावा लागतो. त्यात किरणांनी बिघडलेला डीएनए दुरुस्त करण्याची यंत्रणाच अधू असते आणि कातडीचा कर्करोग बालपणीही होऊ शकतो. सदोष जनुक आई-वडील दोघांकडून आला तरच हा आजार होतो. म्हणून नात्यातल्या लग्नांत त्याची शक्यता वाढते. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल आपल्या भागात अजून आहे, तेव्हा एवढं ठाऊक असलेलं बरं.

मोठ्यांनी तिळाकडे लक्ष ठेवावं. तीळ एका बाजूने वाढू लागला, कडा वेड्यावाकड्या झाल्या, एकाच तिळात दोन-तीन रंग दिसू लागले, तो खाजू लागला किंवा त्यातून रक्त आलं, तर दाखवावं. मेलॅनोमा हा रंगपेशींचा कर्करोग भारतीयांत कमी आढळतो. पण होतो तेव्हा बरेचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली. अनवाणी फिरणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या तळपायावरचा, न भरणारा काळा डाग ‘काटा मोडला असेल’ म्हणून सोडून देऊ नये. चेहऱ्यावरच्या ठिपक्यांपेक्षा तळपाय निरखणं आपल्यासाठी जास्त महत्त्वाचं आहे.

फिकट किंवा लालसर आणि स्पर्श कमी जाणवणारा डाग दिसला तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी. ती आणि तिचे उपचार सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. कोडाच्या पांढऱ्या डागाला मात्र स्पर्श कळतो, आणि कोड संसर्गजन्य नाही.

जपायचं काय, सोडायचं काय?

ठिपके असोत, वांग असो की रापलेला रंग, सगळ्यांना लागू पडणारं संरक्षण एकच, ते म्हणजे उन्हाची वेळ आणि आडोसा. शक्य असेल तेव्हा ११ ते ३ या वेळात सावलीचं काम काढावं. शेतात जाताना डोक्यावर रुंद काठाची टोपी किंवा कपाळ आणि गाल झाकेल असा रुमाल, अंगात जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट. कापूस वेचणाऱ्या बाया हे आधीपासून करतात, आणि ते महागड्या क्रीमइतकंच उपयोगी आहे. सनस्क्रीन परवडत असेल तर एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त असलेलं, भरपूर लावलेलं आणि दोन-तीन तासांनी पुन्हा लावलेलं असावं. वांग असेल तर आयर्न ऑक्साइड असलेलं, कातडीच्या रंगाचं सनस्क्रीन अधिक कामाचं, कारण ते दिसणाऱ्या उजेडालाही अडवतं. वांगावर उपचार हवे असतील तर ते त्वचारोगतज्ज्ञाकडूनच घ्यावेत. ते सावकाश चालतात आणि वांग परतू शकतं, हे आधीच समजून घ्यावं. न घेतले तरी तब्येतीचं काही बिघडत नाही.

सोडायच्या गोष्टी घरातल्या आहेत. लेकराला ‘भुऱ्या’ म्हणणं सोडा. ठिपके असलेल्या मुलीला पाहुण्यांसमोर पावडर थापायला लावणं सोडा. चिठ्ठीशिवाय आणलेली ट्यूब फेकण्याआधी डॉक्टरला दाखवा. आणि पुढच्या वेळी घरात कुणाचा बायोडाटा टाइप करायला बसाल, तेव्हा ‘वर्ण’ ही ओळ काढून टाका. समोरच्यांनी विचारलं तर सांगा, ‘फोटो जोडला आहे, त्यात दिसतो तोच रंग आहे.’